फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी, काही महिन्यांच्या वापरानंतर: रंग फक्त कडेलाच का येतो?

फॉर्मलिनमध्ये टिकवून पॅराफिन मेणात बसवलेल्या मानवी ऊतींवर सशाची ही मोनोक्लोनल अँटिबॉडी (फॉस्फेट जोडलेलं ईआरके प्रथिन रंगवून दाखवणारी) वापरून माझं पहिलं मत वाईट होतं. मोठ्या शस्त्रक्रियेच्या नमुन्यात गाठीच्या कडेला गडद तपकिरी रंग आणि मधोमध काहीच नाही. कंपनीच्या मदतकक्षाचं एकच उत्तर: प्रमाण वाढवा. अँटिबॉडी पातळ करण्याचं प्रमाण १:४०० वरून १:१०० केलं, तर पार्श्वभूमी मळली, मधला भाग तसाच कोरा. १०० मायक्रोलिटरची कुपी १:४०० ला, स्लाइडमागे १०० मायक्रोलिटर द्रावण धरून, ४०० स्लाइडना पुरते. १:१०० ला १०० स्लाइडमध्येच संपते. हा सल्ला ग्राहकाच्या खिशातून निघतो, याची चीड अजून आहे.

आता मत बदललं आहे. त्याच गाठीची सुईने काढलेली बारीक बायोप्सी सगळीकडे सारखी रंगते. खोट ऊतीच्या हाताळणीत आहे. रक्तपुरवठा तुटला तरी पेशींमधली फॉस्फटेज एन्झाइमं चालूच राहतात आणि ईआरकेच्या थ्रिओनिन २०२, टायरोसिन २०४ या अमिनो आम्लांवरचे फॉस्फेट काढत जातात. फॉर्मलिन आत शिरतं ते साधारण तासाला एक मिलिमीटर, खोलवर त्याहून हळू. ते पोचेपर्यंत मधला भाग रिकामा झालेला असतो. म्हणून नमुना निघाल्यावर लगेच ३-४ मिलिमीटर जाडीचे काप करून भरपूर फॉर्मलिनमध्ये टाकायला हवेत. जुन्या ब्लॉकवर (मेणात आधीच बसवलेल्या ऊतीवर) याला इलाज नाही. तिथे रंगाचा कडेचा आणि मधला आकडा वेगळा नोंदवा, सरासरी काढू नका. मध्यभाग कोरा दिसला म्हणजे तिथे सिग्नल नव्हताच, असं लिहिणं तर साफ चुकीचं.

अँटिबॉडी खरी आहे का, हे लॅम्डा फॉस्फटेज या फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमने तपासा. अँटिजेन रिट्रीव्हलनंतर (फॉर्मलिनने झाकलेलं प्रथिन गरम द्रावणात उघडं केल्यावर) एका स्लाइडवर मॅंगनीजयुक्त बफरमध्ये हे एन्झाइम ३७ अंशांना दोन तास, शेजारच्या स्लाइडवर नुसता बफर. एन्झाइमच्या स्लाइडवर रंग पूर्ण गेला पाहिजे. इथे गेला, म्हणून गुण वाढवले. वेस्टर्न ब्लॉटवर (ऊतीतली प्रथिनं काढून, आकारानुसार वेगळी करून केलेल्या चाचणीत) ४२ आणि ४४ किलोडाल्टनच्या दोन स्वच्छ पट्ट्या आल्या, एवढ्यावर स्लाइडची खात्री धरू नये.

बाकी पद्धत नेहमीची. रिट्रीव्हलला इडीटीए द्रावण, पीएच ९, ९५ ते ९८ अंशांना २० मिनिटं. सिट्रेट पीएच ६ ने माझ्याकडे रंग फिका आला. ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) दूध पावडर नको, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. ५ टक्के बकरीचं सीरम घ्या. धुण्यासाठी टीबीएस-ट्वीन (साबणासारखं ट्वीन घातलेला ट्रिस-मिठाचा बफर), अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांना. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) बऱ्याचदा रंगतात. तेही कोरे असतील तर त्या स्लाइडचा निकाल देऊच नका. कापून महिनोन्‌महिने पडलेले सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) टाळा.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो माहितीपत्रकासाठी: फिक्सेशनबद्दल त्यात एक ओळही नाही. नवा लॉट मागवताना जुन्यातले ५ मायक्रोलिटर राखून ठेवा आणि दोन्ही एकाच ब्लॉकच्या लागोपाठच्या सेक्शनवर लावून पाहा.