टेनिस गटिंग: सुटे सेट घ्यायचे की 200 मीटरचं रील?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत रविवारी कोर्टवर हाच विषय निघतो, गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारेचा, प्रत्येकाने एका रॅकेटपुरता सुटा सेट घ्यायचा की चौघांनी मिळून रील आणायचं, आणि सगळे किमतीवरच बोलतात पण एका रॅकेटला तार लागते किती हे कोणी मोजतच नाही. माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

सेट 12.2 मीटरचा, म्हणजे 40 फूट. रील 200 मीटर. "अठरा रॅकेट निघतील" असं सगळे सांगतात. बघूया. रॅकेटचं 100 स्क्वेअर इंचाचं हेड (तारा लागतात तो भाग), 16 बाय 19 पॅटर्न, आतली उंची साधारण 13 इंच, रुंदी 10 धरा. उभ्या तारा 16 गुणिले 13 म्हणजे 208, आडव्या 19 गुणिले 10 म्हणजे 190, मिळून 398 इंच, 10.1 मीटर झाले. कडेच्या तारा आखूड असतात त्यामुळे हे थोडं जास्तच धरलंय, पण फ्रेमबाहेरचे वळसे आणि गाठी त्यातच भागतात. तार ताणणाऱ्या मशीनला ओढायला दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर, झाले 11.1. अठरा वेळा कापलं तर 199.8 मीटर, अख्ख्या रीलमध्ये वीतभर तार शिल्लक! कापताना एकदा हात सैल सुटला की संपलं.

18 बाय 20 असेल तर हाच हिशोब 12 मीटरला जातो. माझ्या मुलीची रॅकेट तशीच आहे, पहिल्यांदा रीलमधून 11 मीटर कापली आणि शेवटच्या आडव्या तारेला कमी पडली, मग जोड देता येत नाही ना, सगळं कापून टाकावं लागलं. तेवढं सगळं गटिंग वाया. उभ्या-आडव्या वेगळ्या तुकड्यात घालणाऱ्यांनाही 12 धरायचे, कारण ओढायला दोनऐवजी चार टोकं होतात.

म्हणून रीलची किंमत 18 ने नाही, 16 ने भागा आणि मग सेटच्या किमतीशी लावून बघा. तरी स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या. मोजायला टेप नको, घरात 2 फुटी लाद्या असतील तर 19 लाद्या म्हणजे 11.6 मीटर, 16 बाय 19 ला आरामात होतं आणि रीलमधून 17 निघतात. 18 बाय 20 ला पूर्ण 20 लाद्या.

आता कोणी काय घ्यावं. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलायचं असा जुना नियम आहे, त्या हिशोबाने दोन दिवस खेळणाऱ्याला रील आठ वर्षं पुरेल, त्याने सेटच घ्यावा, वेगवेगळ्या तारा तरी खेळून बघता येतात. आठवड्याला चार-पाच दिवस खेळणारी मुलं घरात असतील, पॉलिएस्टरच्या तारा तोडत असतील, तर रीलच. चौघांनी मिळून घेताना मात्र चौघांना एकच तार, एकच गेज (तारेची जाडी) चालणार का हे आधी ठरवा, आमच्याकडे गाडी तिथेच अडलीय. नॅचरल गट (जनावरांच्या आतड्यापासून बनवलेली तार) वापरणाऱ्यांनी तर सुटा सेटच घ्यावा आणि लागेल तेव्हाच उघडावा, आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा त्याला अजिबात मानवत नाही.