यॉट जहाजावर चढवताना: जेनोआ ते पोर्ट एव्हरग्लेड्स

यॉट मालवाहू जहाजावरून नेणाऱ्या कंपनीला पाचपैकी साडेतीन तारे. बोट उचलणाऱ्यांना पाच, ऑफिसवाल्यांना दोन, ही त्याची सरासरी. कंपनीचं नाव लिहीत नाही, नुकसानीचा दावा अजून चालू आहे.

मी मूळचा हर्णैचा, सध्या एका वीस मीटरच्या मोटर यॉटवर कप्तान. मालकांचा उन्हाळा इटलीत आणि हिवाळा फ्लोरिडात. "चालवतच का नेत नाहीस?" असं गावाकडे सगळे विचारतात. नेली असती, पण डिझेलचं काय? हजार-हजार अश्वशक्तीची दोन इंजिनं बावीस नॉटला (तासाला बावीस सागरी मैल) तासाला साधारण २८० लिटर पितात आणि टाक्या आहेत ३,८०० लिटरच्या. तीनशे सागरी मैलांत खडखडाट. नुसत्या कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतच २,७०० मैल भरतात. म्हणून मालवाहू जहाज. बाबा फोनवर म्हणाले, "होडी जहाजावर घालून नेणार? मग ती होडी कसली, सामानच झालं की!" तयारीचं सगळं मर्म यातच आलं. बोट आठ दिवस पाण्यात ठेवायची तयारी वेगळी आणि तिचं सामान करायची वेगळी.

पोटात पाणी भरून खाली बसणारी जहाजंही असतात, त्यांत यॉट तरंगत आत शिरते. आम्हाला क्रेनचं जहाज मिळालं, म्हणजे पट्ट्यांवर टांगून डेकवर ठेवायची. चढवायची तारीख तीनदा बदलली. या धंद्यात ते चालायचंच, पण तिसऱ्या वेळी मला मरीनाच्या माणसाकडून कळलं, कंपनीकडून नाही. तयारीची यादी आली ती एका पानाची. आणि बोटीच्या तळाचा नकाशा मागितला चढवायच्या तीन दिवस आधी! पट्टा नेमका कुठे बसणार हे त्यावरच ठरतं. प्रोपेलरच्या शाफ्टवर, रडरवर (सुकाणूवर) किंवा स्टॅबिलायझरच्या फिनवर, म्हणजे बोटीचं डोलणं कमी करणाऱ्या पंखावर, ३८ टनांचा भार आला तर काय उरेल? नशीब, मागच्या वर्षी यार्डात बोट उचलली तेव्हाची मापं मी वहीत लिहून ठेवली होती. ती बघून दोन्ही कडांवर चिकटपट्टीने खुणा केल्या, फिन मधोमध आणून पिना घातल्या.

बाकीचं वजनाचं आणि आगीचं काम. डिझेल पाव टाकीच्या खाली, दोन्ही बाजूंना सारखं, नाहीतर टांगलेली बोट कलते. पिण्याच्या पाण्याच्या ८०० लिटरच्या टाक्या रिकाम्या केल्या, पाऊण टनाहून जास्त वजन तिथेच कमी झालं. गॅसचा सिलिंडर उतरवला, छोट्या बोटीतलं पेट्रोल काढलं. रडारचा खांब आडवा केला, अँटेना काढून गादीखाली ठेवल्या. फ्रीज रिकामा करून दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, नाहीतर उघडल्यावर नाक धरावं लागतं. एआयएस, म्हणजे बोटीची जागा इतर जहाजांना कळवणारं यंत्र, बंद करायचं विसरू नका. नाहीतर नकाशावर जहाजाच्या पाठीवर दुसरं जहाज चाललेलं दिसतं.

यादीत नव्हतं ते सांगतो. यॉट डेकवर असली तरी पाऊस तिला सोडत नाही. कॉकपिटची (मागच्या उघड्या भागाची) पाणी जायची भोकं साफ हवीत आणि मेन स्विच बंद केल्यावरही बिल्ज (बोटीचा तळ) मधलं पाणी उपसणाऱ्या पंपाला थेट बॅटरीची वायर हवी. एसी मात्र चालवायचा नाही, त्याला थंड करायला खाली समुद्र कुठे आहे?

ताडपत्रीबद्दल कंपनीचं म्हणणं पक्कं: काढा. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, तेव्हा उघडी बोट पाठवायला माझा हात धजेना. पण भर समुद्रातल्या वाऱ्यात कापड फडफडत राहिलं की जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर) घासून निघतो. पटलं, काढली.

चढवायच्या दिवशी मात्र मी नुसता बघत राहिलो. लोडमास्टर, म्हणजे चढवण्या-उतरवण्याचा प्रमुख, डच, बोलायला तुसडा, पण काम बघावं. पाणबुड्यांनी प्रत्येक पट्टा खाली जाऊन हाताने चाचपला, एक माझ्या खुणेपासून वीतभर मागे सरकवला, कारण तिथे वेगमापकाचं सेन्सर होतं. ते माझ्या वहीत नव्हतं. बोट पाण्याबाहेर हातभर उचलली, थांबले, कलते का पाहिलं, मग वर. क्रेडलमध्ये (बोट बसवायच्या लोखंडी सांगाड्यात) ठेवून लॅशिंग, म्हणजे बांधायचे पट्टे, आवळायला पाऊण तास. लोडमास्टरसोबत फिरून बोटीचे एकशे चाळीस फोटो काढले, प्रत्येक जुना ओरखडा कागदावर लिहून दोघांच्या सह्या.

अठरा दिवसांनी फ्लोरिडातल्या पोर्ट एव्हरग्लेड्सला पोचलो, म्हणजे ती जहाजाने, मी विमानाने. बोट पाण्यात उतरवल्यावर पट्टे सोडायच्या आधी मी आत उतरलो. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमध्ये हवा अडकलेली असते, ती सीलची रबरी घडी (बेलो) दाबून पाण्याची चिळकांडी येईपर्यंत काढावी लागते. घाई असली तरी लोडमास्टरला थांबवा. इथला हसून थांबला. बिल्ज कोरडं, इंजिनं पहिल्या झटक्याला सुरू.

आणि मग बाहेरून बघितलं. उजवी बाजू तांबूस ठिपक्यांनी भरलेली. शेजारच्या बोटीच्या क्रेडलचं लोखंड डेकवर ग्राइंडरने घासलं असणार. ग्राइंडरचा तो भुगा आमच्या जेलकोटवर बसला आणि खाऱ्या हवेत गंजला. बोट ताब्यात मिळाल्याच्या पावतीवर सही करण्याआधी मी तिथेच शेरा लिहिला. कोरी सही केली असती तर दावा कमकुवत झाला असता. ऑक्झॅलिक ॲसिडचं क्लीनर आणि स्पंज घेऊन डेकचा पोरगा आणि मी चार दिवस घासत होतो.

दाव्यावर ऑफिसचं उत्तर परवा आलं: फोटो मोठ्या आकारात पाठवा. पाठवलेत. पुढच्या मेमध्ये परतीची फेरी आहे, तोच डच लोडमास्टर असेल तर याच लोकांना देईन, पण तळाचा नकाशा एप्रिलमध्येच त्यांच्या टेबलावर असेल.