जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा: सेवा घेणाऱ्या पालकाचे परीक्षण

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालताना एक रुपयाही शुल्क भरावे लागत नाही. बहुधा म्हणूनच या सेवेचे परीक्षण लिहावे असे कोणाला वाटत नसावे. फुकट मिळते त्याबद्दल तक्रार करायची नाही, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. वास्तविक ही सेवा फुकट नाही. तिचे पैसे आपण करांतून आधीच भरलेले असतात, आणि त्यामुळे ती कशी चालते, तिचा कारभार कोणाच्या हाती आहे व मुलाच्या पदरात नेमके काय पडते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. माझी दोन मुले अशाच एका शाळेत शिकली आणि मी तिच्या शाळा व्यवस्थापन समितीवर सदस्य होतो. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिले आहे ते बहुतांश राज्यातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला लागू पडते.

महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम 1961 सालचा, आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मुंबईचे दोन जिल्हे वगळता आज राज्यात 34 जिल्हा परिषदा आहेत. कायद्याने मांडलेले चित्र सुटसुटीत आहे: लोकांनी निवडून दिलेले सदस्य, त्यांच्यातून शिक्षण समिती, प्रशासनाच्या बाजूने मुख्य कार्यकारी अधिकारी व त्यांच्या हाताखाली प्राथमिक शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटला, म्हणजे तालुक्यातील शाळांच्या एका गटाला, विस्तार अधिकारी, दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आणि सर्वांत शेवटी मुख्याध्यापक. प्रत्यक्षात शाळेला आदेश देणारे याहून बरेच अधिक आहेत. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येते, समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेचा निधी व त्याचे निकष मुंबईच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडून येतात, प्राथमिक शिक्षण संचालनालय स्वतंत्र परिपत्रके काढते आणि शासन निर्णय मंत्रालयातून थेट भ्रमणध्वनीवर येऊन धडकतात. मुख्याध्यापकाच्या व्हॉट्सॲपवर सकाळी अकराला आलेली माहितीची मागणी दुपारी दोनपर्यंत पूर्ण करायची असते, आणि त्या तीन तासांत वर्ग कोण घेतो, हा प्रश्न कोणत्याही नमुन्यात विचारलेला नसतो.

या यंत्रणेतला लोकप्रतिनिधींचा दुवा तर काही वर्षे जवळपास नाहीसाच झाला होता. मार्च 2022 मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. या काळात शाळा बंद पडल्या नाहीत, पगार थांबले नाहीत, पोषण आहार शिजत राहिला. हे प्रशासनाच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण गळक्या वर्गखोलीसाठी ज्याच्या दारात जाऊन बसावे असा गटातला सदस्यच नसल्यामुळे पालकांचे म्हणणे अर्ज आणि आवक क्रमांक यांच्यापुढे सरकेनासे झाले. जिल्हा परिषद सदस्य फार काही करतात असा माझा भ्रम नाही. तरी सर्वसाधारण सभेत शाळेच्या छताचा विषय निघणे आणि न निघणे यांत फरक असतो.

गावपातळीवर हा दुवा शाळा व्यवस्थापन समितीचा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. कागदावर ही अत्यंत सुंदर रचना आहे. बैठकीला बसल्यावर मात्र असे दिसते की समितीकडे जबाबदाऱ्या भरपूर आहेत आणि खर्च करण्यासारखे फारच थोडे आहे.

पैशाचे गणित येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक पालकांना ते ठाऊक नसते. शिक्षक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असला तरी त्याचा पगार राज्य शासनाच्या अनुदानातून होतो, आणि प्राथमिक शिक्षणावरच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा याच पगाराचा असतो. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, म्हणजे ज्याला सगळे सेस म्हणतात, ते जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील हिस्सा व तत्सम स्रोतांतून येते. जेथे जमिनींचे व्यवहार जोरात आहेत तेथे हा सेस भरघोस, आणि जेथे कोणी जमीन विकत घ्यायला फिरकत नाही तेथे तुटपुंजा. पुणे जिल्ह्यातील शाळेला मिळणारी डिजिटल फळ्याची चैन गडचिरोलीत का परवडत नाही, याचे एक उत्तर जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आहे. वर्गखोल्या आणि दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो, पण तो मिळवण्याच्या रांगेत रस्ते आणि साकव आधीपासून उभे असतात.

समितीच्या हाती येते ते समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदान. केंद्र आणि राज्य यांच्या 60:40 वाट्यातून येणारे हे अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत विद्यार्थी असल्यास वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 असल्यास 25 हजार, 101 ते 250 असल्यास 50 हजार. आमच्यासारख्या चाळिशीच्या आतबाहेर पट असलेल्या शाळेला 25 हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांहून थोडे अधिक. यात वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, स्वच्छतागृहाची सफाई, नळाची तोटी, संगणक बिघडला तर त्याची दुरुस्ती, असे सगळे भागवायचे. ही रक्कम अनेकदा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात उपलब्ध होते आणि 31 मार्चपूर्वी खर्च न केल्यास परत जाते. त्यामुळे जूनमध्ये लागणारी वस्तू मार्चमध्ये घेतली जाते आणि मधल्या नऊ महिन्यांचा खर्च शिक्षक स्वतःच्या खिशातून करतात. पंचायतीने वीजबिल भरले किंवा एखाद्या माजी विद्यार्थ्याने रंगाचे डबे दिले तर वर्ष बरे जाते. लोकवर्गणीचे कौतुक करणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, परंतु ज्या गावात वर्गणी देण्याची ऐपत नाही त्या गावच्या शाळेने काय करायचे, हे त्या भाषणांत कधी आले नाही.

निर्णय शाळेपासून दूर गेला की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गणवेश. पूर्वी समितीच्या खात्यावर विद्यार्थ्यामागे दोन गणवेशांचे 600 रुपये येत. तालुक्याच्या बाजारातून कापड आणून गावातल्याच शिंप्याकडून किंवा तयार दुकानातून समिती गणवेश घेत असे. त्यात गैरप्रकार अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही, पण चुकीच्या मापाची चड्डी बदलून मागायला कोणाकडे जायचे हे आईला माहीत होते. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे देण्यात आले. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झाले, जे गणवेश आले त्यांची मापे चुकली, आणि अखेर डिसेंबर 2024 मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा समित्यांकडे सोपवण्यात आला. सहाशे रुपयांत दोन गणवेश आजच्या बाजारभावाने बसत नाहीत, हा मूळ प्रश्न मात्र या सगळ्या उलथापालथीत तसाच राहिला.

पोषण आहाराला मी चांगले गुण देईन. तांदूळ येतो, भात-आमटी किंवा खिचडी रोज शिजते आणि मुले पोटभर जेवतात. ज्या घरी आईवडील सकाळी सातला ऊसतोडीला किंवा द्राक्षबागेत जातात त्या घराला या जेवणाची किंमत विचारावी. ते शिजवणाऱ्या बाईंना मिळणारे मानधन मात्र 2023 मधील वाढीनंतरही महिन्याला 2500 रुपये आहे, आणि या रकमेचे समर्थन कोणी कसे करावे हे मला कळत नाही. आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर 2023 मध्ये झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेऊन अंडे हवे असल्यास ते लोकसहभागातून द्यावे असे सांगण्यात आले. म्हणजे पुन्हा वर्गणीच.

आता शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. पटसंख्येच्या गणितात हे उदार वाटते; वर्गात पाहिले तर चौथीपर्यंतच्या शाळेतही एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात आणि एक इयत्ता शिकत असताना दुसरी काहीतरी लिहीत बसते. त्यातले एक गुरुजी मुख्याध्यापकाचा पदभारही सांभाळतात, कारण इतक्या लहान शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापकपद मंजूरच होत नाही. संच मान्यतेसाठी, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर होण्यासाठी, विद्यार्थ्याचा आधार क्रमांक प्रमाणित झालेला असावा लागतो. नावातील एका अक्षराच्या चुकीने बाकावर बसलेले मूल गणतीतून वगळले जाऊ शकते, आणि अशी दोन-तीन मुले सीमारेषेवर असतील तर एक पदच धोक्यात येते. एक शिक्षक बदलून गेला आणि ‘पवित्र’ या शासकीय पोर्टलवरची शिक्षकभरती लांबली की शाळा एकशिक्षकी होते. कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केलेली आहे. परंतु मतदार यादीचे काम निवडणुकीतच मोडत असल्यामुळे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून फिरणाऱ्या गुरुजींना या कलमाचा फारसा आधार मिळत नाही. हे सारे असूनही माझ्या मुलांना लाभलेल्या दोन शिक्षकांइतके तयारीचे शिक्षक मला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दिसले नाहीत. ते डी.एड. होते, स्पर्धा परीक्षेतून आले होते आणि प्रत्येक मुलाचे घर त्यांना माहीत होते.

मग मुले शिकतात का? ‘असर’ हे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचे सर्वेक्षण मुलांच्या घरी जाऊन, एकेकाला समोर बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला लावते, म्हणून मला ते शाळेत होणाऱ्या चाचण्यांहून अधिक विश्वासार्ह वाटते. देशभरातील ग्रामीण शासकीय शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना हा उतारा वाचता आला त्यांचे प्रमाण 2022 मध्ये 16.3 टक्के होते, ते 2024 मध्ये 23.4 टक्के झाले, आणि महाराष्ट्र या सरासरीच्या वर आहे. सरासरीच्या वर असणे आणि समाधानकारक असणे यांत बरेच अंतर आहे, हे वेगळे सांगायला नको. गावात मात्र शाळेची पत शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीवर ठरते. यादीत दोन नावे झळकली की पुढच्या जूनमध्ये पट वाढतो. पाढे आणि बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तके घेऊन निवडक मुलांना सकाळी जादा तास घेणे हा त्याचा दुष्परिणाम आहे. मागे बसलेल्या मुलाला वाचता येत नाही, हे त्या यादीत कोठेही दिसत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा सर्वांनाच आनंद झाला. परंतु पालक म्हणून मला प्रत्येक शाळेत पुरस्कारविजेता नको आहे, मला प्रत्येक इयत्तेला शिक्षक हवा आहे.

एकंदरीत मी या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे देतो: शिक्षक आणि आहारासाठी चार, इमारतीला तीन, आणि कारभाराला जेमतेम दोन. चौथीपर्यंत मूल निःशंक घालावे असे माझे मत आहे. मात्र प्रवेशापूर्वी शाळेत जाऊन मंजूर पदे किती व प्रत्यक्ष हजर शिक्षक किती, कोणत्या इयत्ता एकत्र बसतात आणि गेल्या वर्षीचे अनुदान कशावर खर्च झाले, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समितीच्या इतिवृत्ताच्या वहीत असते आणि ती पाहायला मागण्यात काही गैर नाही. पट कमी असेल तर आणखी एक चौकशी करावी. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव 2023 मध्ये पुढे आला होता आणि त्याच्या कक्षेत राज्यातील सुमारे 14 हजार 800 शाळा येत होत्या. आपल्या वस्तीवरच्या शाळेचा पट 20 च्या आसपास असेल, तर पुढचे मूल कोणत्या गावी जाणार आणि तेथवर वाहन कोण देणार, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारून उत्तराची पोच जपून ठेवावी.