शहराच्या मध्यवस्तीतली रेस्टॉरंट्स: बरेच महिने खाल्ल्यावर (चव ठीक, कान गेले)

मागवलं एक, आलं दुसरं, आणि बिलात दोन्ही. मॅनेजरचं पालुपद एकच, "सर, तुम्हीच हो म्हणालात." त्या कलकलाटात कोण कशाला हो म्हणालं ते देव जाणे! वाद घातला, तोही ओरडून, कारण साध्या आवाजात भांडायचीसुद्धा तिथे सोय नाही. शेवटी एक पदार्थ बिलातून उडाला, पण घसा दुसऱ्या दिवशीही बसलेलाच.

ऑफिस मध्यवस्तीत हलल्यापासून दुपारचं जेवण याच भागात होतं, अधूनमधून रात्रीचंही. बाकीचं पटकन उरकतो. चव बहुतेक ठिकाणी बरी. सर्व्हिस दुपारी चपळ, रात्री निवांत. कोड स्कॅन करून मेनू बघायला लावणाऱ्यांनी एखादी छापील प्रत ठेवायला हरकत नाही. आता मुद्दा: आवाज.

फोनमध्ये डेसिबल मोजायचं ॲप टाकलं. फुकटातलं, मीटर विकत घेण्याइतका मी अजून वैतागलेलो नाही. समोरासमोर बसून साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. इथे ऐन जेवणाच्या वेळी आकडा ८० च्या खाली यायला तयार नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. आपण जेवून तासाभरात उठतो. वेटर उठून जाणार कुठे?

सुरुवातीला माझा सगळा राग स्पीकरवर. जाईन तिथे "गाणी जरा हळू करा" हे ठरलेलं. मग एका ठिकाणी साउंड सिस्टिमच बंद पडली. म्हटलं, चला, आज सुखाने जेवू. कसलं काय! आकडा जेमतेम हलला. तेव्हापासून स्पीकरला दोष देणं सोडलं. खरी गोम छतात आहे.

जरा मान वर करून बघा. फॉल्स सीलिंग काढून टाकलेलं, उघडं काँक्रीट, त्यावरून गेलेले एसीचे डक्ट काळे रंगवलेले. समोर अख्खी काच, खाली टाइल्स, टेबलावर कापड नाही. जागेचं भाडं वसूल करायचं म्हणून टेबलं एकमेकांना खेटून. आवाज शोषून घेईल असं काही शिल्लकच ठेवलेलं नाही. हार्वर्डमध्ये सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून ठेवल्या आणि घुमणं किती कमी होतं ते रात्री-रात्री जागून मोजलं. एवढी जुनी विद्या, आणि आमचे इंटिरियरवाले होत्या त्या गाद्याही काढतात. त्यात माणसाचा स्वभाव: गोंगाट वाढला की आवाज आपोआप चढतो. लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे दाखवून दिलं. शेजारचं टेबल ओरडतं म्हणून आपण ओरडतो, आपण ओरडतो म्हणून पलीकडचं.

मधल्या काळात याच भागातली एक जुनाट जागा सापडली. जाड पडदे, टेबलक्लॉथ, उंच पाठीची गादीची बाकं. मेनूकार्डाचे कोपरे चिकट, पंखा कुरकुरतो. पण ॲपवर ६५ च्या आसपास, आणि वेटरने ऑर्डर परत न विचारता बरोबर आणली! चवही जास्त लागली. हा नुसता भास नसावा, कारण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आवाजात खाणाऱ्यांना गोड आणि खारट दोन्ही कमी जाणवलं होतं. म्हणजे बाकीच्या ठिकाणी मी पूर्ण पैसे देऊन अर्धी चव खात होतो!

गोंगाटाच्या जागी जाणं टळत नसेल तर भिंतीकडेचं, पडद्याजवळचं टेबल मागा, मधलं आणि किचनच्या दाराजवळचं नको. गर्दी यायच्या आधी पोहोचलात तर उत्तम. आणि ऑर्डर बोटाने दाखवून द्या, बिलाचं भांडण वाचतं.

गेल्या आठवड्यात त्या जुन्या जागेच्या दारावर नूतनीकरणाचा बोर्ड दिसला. काउंटरवर विचारलं, छताचं काय करणार?

"उघडं ठेवणार सर, आता सगळीकडे तेच चालतं."