परिवहन सायन्स किट: झाडाचा भाग झकास, हृदयाचा यथातथाच

लेक आठवीत आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी हे किट ऑनलाइन मागवलं, ७४९ ला पडलं. आत दोन भाग आहेत, झाडात पाणी कसं चढतं आणि शरीरात रक्त कसं फिरतं. झाडाचं आधी सांगते, कारण पैसे तिथेच वसूल झाले.

टेस्ट ट्यूब, स्टँड, पाण्यात कालवायची लाल पावडर (त्या लाल पाण्यात देठ उभा करायचा), भिंग सगळं ठीक. प्लास्टिकची सुरी मात्र सरळ फेकून द्या, तिने देठ कापला जात नाही, चेंगरतो, आणि चेंगरलेल्या जलवाहिन्यांतून (देठातल्या पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या) पाणी काय कप्पाळ चढणार. मॅन्युअल म्हणे सेलरी (लांब देठांची विलायती भाजी) घ्या. आमच्या मंडईत कुठली आलीय सेलरी! गौरी-गणपतीचे दिवस, तेरडा ढिगाने मिळत होता, तोच आणला आणि काय सांगू, त्याचं खोड अर्धपारदर्शक असतं त्यामुळे लाल रेघा वर सरकताना बाहेरूनच दिसतात. पांढऱ्या फुलांचा, हिरव्या खोडाचा बघून घ्या, लाल फुलांच्या तेरड्याचं खोड मुळातच लालसर असतं मग काही कळत नाही. आणि खोड पाण्यात बुडवूनच कापा, बाहेर कापलं तर जलवाहिनीत हवा शिरते, पाण्याचा सलग धागा तुटतो आणि रंग नीट चढत नाही. हे मॅन्युअलमध्ये कुठ्ठे नाहीये. संध्याकाळी खोडाची पातळ चकती कापून भिंगाखाली धरली तर लाल ठिपके कडेकडेने गोल मांडलेले आणि मधला गाभा कोरा. पुस्तकातली आकृती हुबेहूब.

आता गंमत बघा, मॅन्युअलमध्ये ठोकून दिलंय की मुळं पाणी वर ढकलतात. अहो, पण मुळं तर आपण कापून टाकली ना, तरी रंग चढलाच की! मूलीय दाब असतो, नाही असं नाही, सकाळी गवताच्या पात्यांच्या टोकाला थेंब दिसतात त्यातले बरेच त्याच दाबाने आतून आलेले असतात. पण कॅलिफोर्नियातले १०० मीटरच्या वर गेलेले रेडवूड वृक्ष काय मुळाच्या ढकलण्यावर पाणी पितात? पानांतून बाष्पोच्छ्वास होतो, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर जाते, त्याने वरून ओढ बसते आणि पाणी खेचलं जातं. पोरीनेच एका फांदीची सगळी पानं काढली, दुसरी पानांसकट पंख्याखाली ठेवली, पंख्याखालची बघता बघता पुढे गेली. असा प्रयोग किटमध्ये द्यायला काय झालं होतं?

हृदयाच्या भागात रबराचा फुगा, दोन वॉल्व्ह, लाल-निळ्या नळ्या. इथे माझी खरी तक्रार आहे. नळी एकच चक्कर मारून परत येते, फुफ्फुसं गायबच. अहो, हृदय म्हणजे शेजारी शेजारी दोन पंप आहेत, उजवा फुफ्फुसांकडे पाठवतो, डावा सगळ्या शरीराकडे, म्हणून तर डाव्या निलयाची (हृदयाचा खालचा कप्पा) भिंत जाड असते. शिवाय निळी नळी बघून पोरांना वाटतं नीलेतलं (हृदयाकडे रक्त परत आणणारी वाहिनी) रक्त निळं. ते गडद लालच असतं. 'रोहिणीत कायम शुद्ध रक्त' असं छापलंय (रोहिणी म्हणजे हृदयातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी) तेही चूक, फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं.

पण पंप करून बघण्यात मजा आली हे कबूल. एका ठोक्याला साधारण ७० मिली आणि मिनिटाला ७२ ठोके म्हणजे ५ लिटर, हे तिला पाठ होतं. मग बादली घेऊन बसली, मिनिटभर फुगा दाबला, ५ लिटरच्या जवळपासही गेलं नाही आणि हात भरून आला. "आई, हे रात्री झोपेत पण चालू असतं?" हो बाई, चालू असतं.

स्टेथोस्कोप खेळण्यातला आहे पण लब-डब स्वच्छ ऐकू येतं (तो आवाज झडपा मिटण्याचा असतो, हे मॅन्युअलने बरोबर दिलंय, श्रेय द्यायला हवं). आजोबांपासून शेजारच्या पिल्लापर्यंत सगळ्यांचे ठोके ऐकून झाले.

५ पैकी ३ स्टार. झाडासाठी घेत असाल तर खुशाल घ्या, ब्लेड घरचं वापरा आणि कापताना मोठं माणूस बसा. आमचा एक वॉल्व्ह लीक होतोय, सेलरला मेसेज टाकला, बदलून देतो म्हणाले. अजून आला नाहीये, आला की एडिट करते.