फिरण्यासाठी घेतलेला छोटा कॅमेरा आणि एकच ३५ मिमी लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कॅमेरा घेण्याआधी आम्ही दोघांनी भरपूर रिव्ह्यू वाचले, पण बहुतेक सगळे खोकं उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातले होते. सुट्ट्यांत दोघं मिळून फिरायचं आणि एरवी घरातले वाढदिवस, लग्नं, छोटे-मोठे कार्यक्रम टिपायचे, अशा वापरात कॅमेरा कसा टिकतो हे कुणी लिहिलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वस्तू अशी: एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरची २४ मेगापिक्सेलची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली बॉडी आणि तिच्यावर एफ/१.८ ची ३५ मिमी प्राइम (एकाच लांबीची) लेन्स. मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. झूम नाही, लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी जोडी बऱ्याच कंपन्यांकडे मिळते आणि पुढचं जवळजवळ सगळं त्या प्रत्येकीला लागू पडतं.

आधी निष्कर्ष सांगते. कॅमेरा घेतला फिरण्यासाठी, पण पैसे वसूल झाले ते घरच्या कार्यक्रमांत. नुसती स्थळं बघायची असतील तर खिशातला फोन पुरे, असं माझं आता ठाम मत आहे.

या सेन्सरवर ३५ मिमी लेन्समधून दिसणारं दृश्य फुल फ्रेमवरच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) साधारण ५२ मिमीइतकं असतं. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लायका या छोट्या फिल्म कॅमेऱ्यावरही ५० मिमीचीच लेन्स होती आणि प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं बहुतेक काम याच लांबीवरचं आहे. पण त्यांना माणसं टिपायची होती. उंच मनोरा पूर्ण चौकटीत घ्यायचा तर या लेन्सने कॅमेरा उभा धरूनसुद्धा मनोऱ्याच्या उंचीच्या दीडपट मागे जावं लागतं. मनोरा ६० मीटरचा असेल तर समोर ९० मीटर मोकळी जागा हवी, आणि जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत ती मिळत नाही. तिथे सरळ फोन काढायचा. त्याच जागेवरून फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात जवळपास दुप्पट रुंद दृश्य मावतं.

सगळं मावत नाही म्हटल्यावर आम्ही वास्तूचे तुकडे बघायला लागलो. कमानीच्या कडेची झिजलेली नक्षी, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला दगडी कठडा, जाळीतून जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा. नवऱ्याला हे पहिल्यापासून आवडायचं, मला या लेन्सने गोडी लावली. पूर्वी एखादं ठिकाण तासाभरात उरकायचं, आता तिथे निवांत अर्धा दिवस जातो. संग्रहालयांत बऱ्याच ठिकाणी फ्लॅशला बंदी असते, तिथेही एफ/१.८ कामी येतं. काचेच्या पेटीतली वस्तू असेल तर लेन्स काचेच्या शक्य तितकी जवळ न्यायची, म्हणजे प्रतिबिंब कमी येतं.

कॅमेरा दोघांत एक. सकाळी त्याच्या गळ्यात, दुपारनंतर माझ्या. त्यामुळे अल्बममध्ये दोघंही सारखेच दिसतो, नाहीतर एरवी फोटो काढणारं माणूस फोटोतून कायमचं गायब असतं. दोघांचा एकत्र फोटो हवा असेल तर छोटा ट्रायपॉड आणि फोनवरच्या ॲपमधून शटर. अनोळखी माणसाच्या हातात कॅमेरा द्यायचा तर आधी ऑटो मोड लावून चेहरा ओळखणारा फोकस चालू करून द्यावा. नाहीतर समोरचा बिचारा बटणं शोधत राहतो.

आता घरचं. घरातले कार्यक्रम बहुधा संध्याकाळी, खोलीतल्या दिव्यांत होतात. डोळ्यांना तो उजेड भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला मात्र तो फारच कमी पडतो. बॉडीबरोबर येणाऱ्या साध्या झूम लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) लांबच्या टोकाला बहुतेक वेळा एफ/५.६ असतं. एफ/१.८ मधून त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. आमच्या बैठकीच्या खोलीत एफ/२, १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० वर फोटो स्वच्छ येतो. तोच एफ/५.६ वर काढायचा तर आयएसओ १२८०० च्या आसपास न्यावा लागेल आणि फोटोत चेहऱ्यांवर खरखरीत ठिपके दिसायला लागतील. फ्लॅश मारला की खोलीचा रंग मरतो आणि सगळे एकदम सावध होतात. आम्ही फ्लॅश वापरतच नाही.

आजीच्या वाढदिवसाचा एक फोटो मी अजूनही उघडून बघते. ती चष्मा कपाळावर सरकवून, हातातलं भेटकार्ड अगदी डोळ्यांजवळ धरून वाचतेय. मागे भाचरांचा दंगा चालू आहे, पण तो नुसता रंगांचा धूसर पट्टा झालाय. धारदार आहेत ते तिचे डोळे आणि कार्ड धरलेली बोटं, नखांवरच्या उभ्या रेषांसकट. फोनचा पोर्ट्रेट मोड हा धूसरपणा गणिताने तयार करतो आणि केसांच्या कडेशी अनेकदा फसतो. इथे तो भिंगातूनच येतो.

याच गुणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. दोन मीटरवरून एफ/१.८ ला पुढेमागे जेमतेम वीतभर अंतरच फोकसमध्ये असतं. दोघं पुढेमागे बसलेले असतील तर एक हमखास धूसर होतो. घोळका असला की मी एफ/४ लावते. चार मीटरवरून तेवढ्यात दोन रांगा आरामात धारदार येतात.

आणि इथेच या लेन्सची सगळ्यात मोठी अडचण येते: खोलीत चार मीटर मागे जायला जागा कुठे असते? भिंतीला पाठ टेकवून तीन मीटर मिळाले तर चौकटीत दोनच मीटरची रुंदी येते, म्हणजे खांद्याला खांदा लावून चार-पाच माणसं. अख्ख्या कुटुंबाचा फोटो काढायचा तर सगळ्यांना बाहेर अंगणात किंवा गच्चीवर न्यायचं, नाहीतर फोनवर काढायचा. यावर तिसरा उपाय मला सापडलेला नाही.

हॉलमधल्या समारंभांसाठी एक सूचना, ही मात्र जरूर लक्षात ठेवा. भाषणं, विधी चालू असताना आवाज नको म्हणून सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावावंसं वाटतं. पण ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. त्यामुळे फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/१२० किंवा १/६० ठेवायचं.

बॅटरी हा खरा कमकुवत भाग. भरगच्च दिवसाला एक पुरत नाही, दुसरी घ्यावीच लागते. विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत टोकं झाकूनच ठेवायच्या. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम ७-८ वॅट-अवरच्या (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) असतात, १०० वॅट-अवरच्या मर्यादेपासून खूपच लांब, त्यामुळे अडवणूक होत नाही. दुसरी कटकट घड्याळाची. दुसऱ्या टाइम झोनमध्ये गेल्यावर फोन आपोआप वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही, आणि मग दोन्हीकडचे फोटो एकत्र केले की सकाळ-संध्याकाळची सरमिसळ होते. उतरल्या उतरल्या ॲपवरून वेळ जुळवून घेतलेली बरी.

झूमची उणीव वाटली त्याहून कमी भासली. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात आणि ६×४ इंचाच्या छान प्रिंटला दोन मेगापिक्सेलहून थोडे जास्त पुरतात. लेन्स कधी काढतच नसल्यामुळे सेन्सरवर धूळही बसलेली नाही.

नातेवाइकांना फोटो चॅटवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि इतक्या मेहनतीने मिळवलेला तपशील जातो. सासूबाईंना तर फोनवरचं काही नकोच असतं. त्यांच्यासाठी प्रत्येक कार्यक्रमानंतर आम्ही निवडक प्रिंट काढतो आणि मागे पेन्सिलने तारीख आणि नावं लिहून देतो. नवऱ्याचा आता खोलीतल्या ग्रुप फोटोंसाठी १६ मिमीच्या आसपासच्या रुंद लेन्सचा आग्रह चालू आहे. मी म्हणते, आधी तिसरी बॅटरी घेऊ.