जुनं मोडायचं की शेजारी नवं मांडायचं?

बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढणारी माझी छोटी पायथन लायब्ररी (पायथन भाषेतला, इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) सांगली-तासगावच्या काही अडत दुकानांत चालते. तिची फंक्शनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) नव्यानं मांडताना मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय.

पहिली वाट म्हणजे मेजर व्हर्जन (मोठ्या बदलाचा आवृत्ती-क्रमांक) वाढवून जुनं काढून टाकणं. नवख्याला हे फार सोयीचं. एका कामाला एकच फंक्शन, डॉक्सही (कसं वापरायचं याची माहिती) आटोपशीर. शिकायला आलेल्या मुलानं दुपारपर्यंत पहिली पट्टी काढली होती.

पण त्याच वेळी मी नाव तेच ठेवून आर्ग्युमेंटांचा, म्हणजे फंक्शनला द्यायच्या आकड्यांचा, क्रम फिरवला: आधी दर, मग वजन होतं, ते उलट केलं. एका दुकानात व्हर्जन पक्कं केलेलं नव्हतं (ठरावीक आवृत्तीच वापर, असं प्रोग्रामला सांगितलेलं नव्हतं), तिथं अपडेट आपोआप गेलं. काहीच बंद पडलं नाही. 180 किलो गुणिले 165 रुपये, कसंही लिहा, रक्कम तीच. तोलाई (माल तोलायची मजुरी) मात्र वजनाऐवजी दरावर निघू लागली. फरक थोड्या रुपयांचा, म्हणून आठवडाभर कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग दिवाणजींनी पट्टी पुढं केली: "साहेब, ही तोलाई जुळंना." एरर आली असती तर तासात निस्तरलं असतं. इथं दिलेल्या पट्ट्या परत मागवाव्या लागल्या.

2008 साली पायथन 3 आलं तेव्हाही हेच दिसलं. कंसाविना लिहिलेला प्रिंट लगेच अडला, पण 5 भागिले 2 चं उत्तर 2 वरून गुपचूप 2.5 झालं.

दुसऱ्या वाटेत जुनं नाव जुन्याच अर्थानं राहतं, आतून नव्याकडे वळतं आणि इशारा देतं. इशाऱ्यासाठी मी फ्यूचर-वॉर्निंग ('हे पुढं बदलणार' असा वापरणाऱ्यासाठीचा इशारा) वापरतो, कारण डेप्रिकेशन-वॉर्निंग ('हे जुनं झालं' असा प्रोग्रामरसाठीचा इशारा) लायब्ररीच्या आतून उठली तर पायथन ती सहसा दाखवत नाही. नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीनं स्वतःचं 'फ्लोट' हे नाव 1.20 मध्ये जुनं ठरवलं, 1.24 मध्ये काढलं. मधे जवळपास दोन वर्षं मिळाली. दोन नावं सांभाळायचं ओझं आहेच, टेस्टही वाढतात. नवख्याचा गोंधळ टाळायला डॉक्समध्ये फक्त नवं ठेवलं आणि नव्या फंक्शनला आर्ग्युमेंटं नावानंच द्यायची सक्ती केली.

तुमचे वापरणारे मोजके आणि सगळे फोनवर भेटणारे असतील, तर पहिली वाटही चालेल, नाही म्हणत नाही. त्या दुकानात मात्र आजही जुनंच फंक्शन पट्ट्या काढतंय, आणि माझ्याकडच्या नव्या मुलांना ते आहे हे ठाऊकही नाही.